करारावरची सही आणि दारातले आडनाव

वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरे

या वेळच्या पत्रांमध्ये भाड्याच्या घराचे प्रश्न आहेत. काही वाचकांना घर मिळाले आहे, पण सोबत राहणाऱ्यांपैकी कोणी किती भार उचलायचा यावरून त्यांच्यात बिनसले आहे. काहींना पैसे तयार असूनही घर मिळालेले नाही. उत्तरे महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्यांच्या आधारे दिली आहेत. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या काटेकोर भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, तरी बोलण्यात आपण त्याला भाडेकरूच म्हणतो, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणींनी पुण्यात अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर फ्लॅट घेतला. भाडे दरमहा ३०,००० रुपये आणि अनामत ९०,००० रुपये असून दोन्ही आम्ही सारखे वाटून भरले. करार नोंदणीकृत आहे आणि त्यावर तिघींच्या सह्या आहेत. पाच महिन्यांनी एकीची बदली झाली. ती सामान घेऊन गेली आणि आता म्हणते, ‘मी राहतच नाही, तर भाडे का देऊ?’ शिवाय अनामतीतले तिचे ३०,००० रुपये तिला लगेच परत हवे आहेत. मालक आमच्याकडे पूर्ण भाडे मागतात. आम्ही दोघींनी आमच्या वाट्याचे २०,००० रुपये दिले तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. ‘आमचा वाटा’ हा हिशेब तुमच्या तिघींमधला आहे आणि मालक त्याला बांधलेले नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ४३ नुसार, दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून एखादे वचन दिले असेल आणि करारात त्याविरुद्ध स्पष्ट काही लिहिलेले नसेल, तर ते वचन ज्याला दिले आहे तो त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून संपूर्ण पूर्तता मागू शकतो. म्हणजे मालक तुम्हा दोघींकडेच नव्हे, तर तुमच्यापैकी एकटीकडेही पूर्ण ३०,००० रुपये मागू शकतात, आणि बदलीच्या गावी गेलेल्या मैत्रिणीकडेही तेवढेच मागू शकतात. ती घरात झोपते की नाही याचा या जबाबदारीशी संबंध नाही, कारण ती तिच्या सहीतून आली आहे.

अशाच एका तंट्यात दोघी जणी करार घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. ‘असे काही आमच्या करारात नाही,’ असे त्या ठामपणे सांगत होत्या. पाने उलटत गेल्यावर तिसऱ्या पानाच्या तळाशी, विजेच्या बिलाचे कलम आणि रंगरंगोटीचे कलम यांच्या मध्ये, एक ओळ सापडली : ‘सर्व परवानाधारक या करारातील देण्यांसाठी संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार राहतील.’ त्यांनी ती दोनदा मोठ्याने वाचली आणि मग बराच वेळ एकमेकींकडे पाहिलेसुद्धा नाही. ही ओळ करारात नसती तरी कलम ४३ मुळे निष्कर्ष तोच निघाला असता, हे त्यांना सांगणे मला जड गेले.

तुमची बाजू मात्र याच कलमाच्या पुढच्या भागात आहे. ज्यांनी मिळून वचन दिले त्यांच्यापैकी प्रत्येक जण इतरांकडून समान वाटा वसूल करू शकतो, अर्थात वेगळे काही ठरले नसेल तर. तुम्ही दोघी दरमहा पंधरा-पंधरा हजार भरत असाल, तर प्रत्येकीने स्वतःच्या वाट्यापेक्षा ५,००० रुपये अधिक भरले, आणि ते मिळून १०,००० रुपये मैत्रिणीचे देणे झाले. उरलेल्या सहा महिन्यांचा हिशेब ६०,००० रुपयांवर जातो. एखादीने वाटा देण्यात कसूर केली, तर त्यातून होणारे नुकसान उरलेल्यांनी सारखे सोसावे, असेही हेच कलम सांगते. त्यामुळे तिच्याकडून वसुली होईपर्यंत हा भार तुम्हा दोघींत समान वाटला जाईल आणि एकीला तो दुसरीवर ढकलता येणार नाही.

‘मालकांनी मला फोनवर मोकळे केले आहे,’ असेही ती कदाचित म्हणेल. कलम ४४ नुसार मालकाने एकीला मोकळे केले तरी बाकीच्या सुटत नाहीत, आणि जिला मोकळे केले ती तुमच्याप्रती असलेल्या जबाबदारीतून सुटत नाही. मालकाचा तिच्यावर राग नसेल, पण त्यामुळे तुमचा हक्क बुडत नाही.

अनामतीबद्दल तिची घाई कायद्यात बसत नाही. अनामत एकच आहे, ती मालकाकडे आहे आणि घराचा ताबा परत दिल्यावर, करारात ठरल्याप्रमाणे वजावट होऊन ती परत मिळायची आहे. तिचे ३०,००० रुपये तुम्ही खिशातून देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. उलट, तिच्याकडून येणे असलेले भाडे तिच्या अनामतीच्या हिश्श्यातून वळते करावे, असा लेखी समझोता सुचवा. त्यात महिना, रक्कम आणि तिघींच्या सह्या असाव्यात. आधी संदेशात लिहून तिचा होकार घेतलात तरी पुढे उपयोगी पडेल, पण कागद केलेला चांगला.

आता पुढचे सहा महिने. करारातले नोटिशीचे आणि लॉक-इनचे, म्हणजे ठरावीक काळ घर सोडता न येण्याचे, कलम आज रात्रीच वाचा. लॉक-इन संपलेला असेल आणि एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येत असेल, तर ६०,००० रुपयांचे ओझे एका महिन्यावर आणता येईल. नोटीस तिघींच्या नावाने द्यावी. घर सोडायचे नसेल, तर तिसरी व्यक्ती आणण्याचा मार्ग उरतो, पण ओळखीची कोणी परस्पर आणून ठेवू नका. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ याच्या कलम ५६ मधला सर्वसाधारण नियम असा की परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि बहुतेक करारांत परस्पर कोणाला ठेवण्यास स्पष्ट मनाई असते. मालकाची संमती घ्या, जुना करार तिघींच्या सह्यांनी संपवा आणि नव्या तिघींच्या नावे नवा करार नोंदवा. नोंदणीचा खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ जण हे टाळतात, आणि मग गेलेली व्यक्ती कागदावर जबाबदार राहते, तर आलेली व्यक्ती कागदावर नसतेच. मुद्रांक शुल्क भाडे आणि अनामत यांवर ठरते, माणसांच्या संख्येवर नाही. त्यामुळे नावे वाढल्याने शुल्क वाढत नाही.

मुदत संपल्यावर तिघींपैकी कोणी खोली अडवून बसू नये, याचीही काळजी घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २४ नुसार, मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा न सोडणाऱ्या परवानाधारकाला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. एक जण अडून बसला, तर मालक करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाकडे बोट दाखवेल.

घराच्या नुकसानीबाबतही हेच तत्त्व लागू होते. ओट्यावर गरम कुकर कोणी ठेवला आणि ग्रॅनाइटला चीर कोणामुळे गेली, हा तुमच्यातला प्रश्न आहे, मालक मात्र तो खर्च सामाईक अनामतीतून वजा करेल. म्हणून ताबा घेताना आणि सोडताना प्रत्येक खोलीचे, नळांचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो तिघींच्या सामाईक गटात टाकण्याची सवय लावून घ्या. वापरामुळे भिंतीचा रंग फिका पडणे ही स्वाभाविक झीज आहे, आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर तिच्या भरपाईची मागणी तुम्ही नाकारू शकता.

प्रश्न : नाशिकमध्ये मी एका सहकाऱ्याबरोबर राहतो. करार फक्त त्याच्या नावावर आहे. दर महिन्याला निम्मे भाडे मी त्याला यूपीआयने पाठवतो, आणि सुरुवातीला २०,००० रुपये अनामत म्हणूनही दिले होते. किरकोळ भांडणानंतर तो म्हणतो, रविवारपर्यंत खोली खाली कर, नाहीतर सामान जिन्यात ठेवीन.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मालकाशी तुमचा करार नाही. त्यामुळे मालक तुमच्याकडे भाडे मागू शकत नाही आणि तुम्हीही मालकाकडे राहण्याचा हक्क सांगू शकत नाही. तुम्ही सहकाऱ्याच्या परवानगीने राहत आहात आणि ती परवानगी तो काढून घेऊ शकतो. तरीही, परवानगी काढून घेतल्यावर निघण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळण्याचा हक्क सुविधाधिकार कायद्याचे कलम ६३ देते. चालू महिन्याचे भाडे घेऊन चार दिवसांत बाहेर काढणे वाजवी म्हणता येणार नाही. त्याला आजच लेखी संदेश पाठवा. महिनाअखेरपर्यंत जातो, अनामतीचे २०,००० रुपये त्याच दिवशी परत हवेत, एवढे दोन मुद्दे त्यात पुरेत. यूपीआयच्या नोंदी हा तुमचा पुरावा आहे, म्हणून त्या काढून ठेवा. त्याने खरोखरच सामान बाहेर टाकले किंवा कुलूप बदलले, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

पुढच्या घरात करारावर स्वतःचे नाव घाला. त्याने जबाबदारी वाढते हे खरे, पण पाय रोवायला जागाही त्यानेच मिळते.

प्रश्न : मी बौद्ध आहे, अनुसूचित जातीचा दाखला आहे, नोकरी कायम आहे. ठाण्यात एक फ्लॅट पाहिला, मालकाला आम्ही पसंत पडलो, एजंटला टोकन दिले. करारासाठी आधारकार्ड पाठवले आणि अर्ध्या तासात एजंटचा संदेश आला : ‘सर, सॉरी, ओनर वेगळ्या लोकांना देणार आहेत. तुमच्या लोकांचं सोसायटीत जमत नाही.’ टोकन परत मिळाले. पत्नी म्हणते, सोडून द्या. मला सोडवत नाही. कायद्यात काही आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे. आणि तुम्हाला सोडवत नाही, यात काही गैर नाही. टोकन परत मिळाल्याने व्यवहाराचा हिशेब मिटतो, अपमानाचा मिटत नाही.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण गुन्हा ठरवले. संविधानातील अनेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध असतात, हे कलम मात्र खाजगी व्यक्तीलाही बांधते. त्याच्या अंमलबजावणीसाठी झालेल्या नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याच्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळवण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. ‘घर माझे आहे, कोणाला द्यायचे ते मी ठरवीन’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण नकाराचे कारण जात असेल तर त्या वाक्याला इथे थांबावे लागते. याच कायद्याच्या कलम १२ नुसार, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. या तरतुदीची माहिती फार थोड्या लोकांना असते.

याशिवाय अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे किंवा तशी धमकी देणे हा गुन्हा ठरला, आणि एखाद्याशी व्यवहार करण्यास नकार देणे हे आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत येते. नकार देणारी व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची नसेल, तरच हा कायदा लागू होतो. एका घरमालकाच्या नकाराला बहिष्कार म्हणायचे का, यावर न्यायालयात वाद होऊ शकतो. म्हणून तक्रारीत १९५५ च्या कायद्याचे कलम ४ आवर्जून लिहा आणि त्यावरच मुख्य भर ठेवा. अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे कलम १८अ सांगते. ‘आधी चौकशी करू, मग पाहू’ असे उत्तर मिळाले, तर या कलमाचा उल्लेख करा.

सारा भार आता पुराव्यावर आहे, आणि तुमच्या बाबतीत तो बऱ्यापैकी आहे. एजंटचा संदेश पुसू नका. क्रमांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि मूळ फोनही जपून ठेवा. एजंटला शांतपणे एक प्रश्न लेखी विचारा : ‘तुमच्या लोकांचं म्हणजे कोणाचं, आणि हे मालक म्हणाले की सोसायटी?’ उत्तर आले तर जबाबदारी कोणाची हे उघड होईल, आणि न आले तरी तुम्ही विचारल्याची नोंद राहील. संकेतस्थळावर त्या फ्लॅटची जाहिरात अजून दिसत असेल, तर तिचीही तारखेसह नोंद ठेवा. मोफत कायदेशीर मदत हवी असल्यास, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता ती मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

याच टपालात एका मुस्लिम वाचकाचे आणि एका एकट्या राहणाऱ्या तरुणीचे पत्र आहे. नकार दोघांनाही तसाच मिळाला आहे, पण त्यांना मी याच खात्रीने उत्तर देऊ शकत नाही, याचे मला वाईट वाटते. धर्म, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये असे संविधानाचे कलम १५ सांगते, मात्र त्याचे पहिले उपकलम राज्यसंस्थेला बांधते, आणि खाजगी व्यक्तींना लागू होणारे दुसरे उपकलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक ठिकाणांबद्दल आहे. खाजगी घर त्यात बसवणे कठीण आहे. मुस्लिम कुटुंबांना घर मिळवताना येणाऱ्या अडचणींची नोंद मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ च्या अहवालात घेतली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, वैध ठरवला होता. खाजगी घरभाड्यात धर्म, आहार किंवा वैवाहिक स्थिती यांवरून नकार देण्यास सरळ मनाई करणारा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. तो व्हायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घराशिवाय नोकरी टिकत नाही आणि मुलांची शाळाही टिकत नाही.

तरीही एक फरक ध्यानात घ्यावा. नकार मालकाचा आहे की सोसायटीचा? मालक द्यायला तयार असेल आणि ‘आम्ही अविवाहितांना घेत नाही’ असा ठराव सोसायटी पुढे करत असेल, तर सभासद म्हणून मालकाला सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, म्हणून हे पाऊल मालकानेच उचलावे लागते, आणि त्याला तयार करण्यासाठी एक साधे, नम्र पत्र पुष्कळदा पुरेसे होते.

प्रश्न : मी घरमालक आहे. माझा एक बेडरूमचा फ्लॅट एका तृतीयपंथी मुलीला द्यायचे ठरवले आहे, तिची नोकरी आणि कागदपत्रे व्यवस्थित आहेत. सोसायटीचे सचिव म्हणतात, परवानगी देणार नाही, आणि दिलेच तर दुप्पट शुल्क लावू, पाणी बंद करू. मी मागे हटू का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : हटू नका. इथे कायदा स्वच्छ शब्दांत तुमच्या बाजूने आहे. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ याच्या कलम ३ नुसार, मालमत्तेत राहण्याच्या, ती विकत किंवा भाड्याने घेण्याच्या हक्काबाबत तृतीयपंथी व्यक्तीशी कोणतीही व्यक्ती किंवा आस्थापना भेदभाव करू शकत नाही, आणि आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थेचा स्पष्ट समावेश आहे. राहत्या जागेतून तिला निघायला भाग पाडणे हा कलम १८ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. घराबाबत अशीच मनाई एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ मध्येही आहे, हे जाता जाता इतर वाचकांसाठी नमूद करतो.

शुल्काची धमकीही पोकळ आहे. फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि भाडेकरू कोण आहे यावरून ते बदलत नाही. सेवा शुल्क महिन्याला २,००० रुपये असेल, तर बिनभोगवटा शुल्क २०० रुपयांच्या वर जाणार नाही.

करार लेखी करून नोंदवून घ्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची आहे, आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा. मग नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडून सोसायटीला पत्र द्या. त्यात २०१९ च्या कायद्याची कलमे ३ आणि १८ लिहा, आणि सचिवांनी तोंडी दिलेल्या धमक्या तारीख-वेळेसह त्यांच्याच शब्दांत नमूद करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का आणि पोच घ्या. पोच द्यायला नकार मिळाला, तर तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती करारासोबत ठेवा. त्या पत्राची एक प्रत तुमच्या भाडेकरूलाही द्या, म्हणजे उद्या कोणी दारात आले तर दाखवायला तिच्या हातात काहीतरी असेल.